तिसरी किल्ली

आमच्या रस्त्यावर किल्लीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे काकू, आणि त्याही फक्त चिडल्यावर. बाकी लहानथोरांचे ते किल्लीकाका. त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत आहे आणि ती छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे गेली अकरा वर्षं त्यांच्या मशीनची करकर आणि माझ्या मशीनची घरघर एकत्रच ऐकू येते, आणि एकमेकांकडचं बोलणं मात्र ऐकू येत नाही असं नाटक आम्ही दोघंही करतो.

माणूस अंगाने धिप्पाड, बोटांच्या पेरांत कायम पितळेचा भुगा, आणि चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. ती नीट करून घ्या म्हटलं की म्हणायचे, ‘‘दुसऱ्यांचं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचं दुरुस्त करायला वेळ असता तर तो श्रीमंत नसता का झाला?’’ त्यांचा आणखी एक ठरलेला विनोद होता. ‘‘कुणाच्याही घरात शिरायला मला दोन मिनिटं लागतात, पण स्वतःच्या घरात काकू दार उघडेपर्यंत पंधरा.’’ हा विनोद मी निदान दोनशे वेळा ऐकला असेल आणि दर वेळी हसले आहे, कारण शेजारधर्म म्हणून काही असतोच.

त्यांच्या दुकानात मागच्या बाजूला एक हिरवी फळी होती. फळीला खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. ती फळी म्हणजे काकांचा अभिमान. नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. दोन गिऱ्हाइकाच्या हातात आणि तिसरी फळीवर, अशी त्यांची पद्धत. तिची सुरुवात चांगल्या कारणाने झाली होती. पूर्वी कधीतरी एक म्हाताऱ्या शिक्षिका शेगडी चालू ठेवून बाहेर आल्या आणि मागे दार लागलं. काका पोचेपर्यंत स्वयंपाकघर जळून गेलं होतं. तेव्हापासून काका गिऱ्हाइकाला विचारून तिसरी किल्ली ठेवून घ्यायला लागले. लोकांनाही ते बरं वाटायचं. पुढे पुढे विचारणं बंद झालं आणि ठेवणं तेवढं राहिलं.

काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून किल्ल्यांना बांधायच्या चिठ्ठ्या मी लिहून द्यायची. उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्या कापायच्या आणि त्यांवर नाव न लिहिता आम्हा दोघांनाच कळेल अशी खूण लिहायची. ‘गच्चीवरचे भांडखोर’, ‘दोन मांजरी’, ‘शिंपी, मागचं दार’. त्यांतलीच एक ‘तिसरा मजला, सुईताई’. ती चिठ्ठीही माझ्याच हातची.

सुईताई म्हणजे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढणारी. अर्ध्या रस्त्याचा दंड तिने हातात धरलेला आहे. ‘‘दुखलं तर मला शिव्या द्या, पण हात हलवू नका,’’ असं ती प्रत्येकाला सांगायची. आमचे किल्लीकाका एवढे धिप्पाड, पण सुई पाहिली की त्यांची पाचावर धारण बसायची. पहिल्या वेळी ते खुर्चीतच कलंडले, तर तिने एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने रक्त काढून पूर्ण केलं. तेव्हापासून काकांचा तिच्यावर फार जीव. पुढे जे झालं ते म्हणूनच त्यांना जास्त लागलं.

एका सकाळी ती दुकानात आली आणि घराचं कुलूप बदलून हवंय म्हणाली. किल्ली हरवली, एवढंच कारण सांगितलं. काका गेले. तिथे त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. दाराच्या चौकटीला, बरोबर कुलपाच्या उंचीवर, लाकूड फाटलेलं होतं आणि वर पुट्टी भरून रंग मारलेला होता. कुलूप बसवणाऱ्याला अशी चौकट वाचता येते. किल्ली हरवल्यावर चौकट फाटत नाही. बाहेरून कुणी लाथ घातली की फाटते. काकांनी अशा चौकटी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या आणि एकदाही विचारलं नव्हतं. ‘‘मी दाराचं काम करतो, घराचं नाही,’’ हे त्यांचं वाक्य, आणि मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं.

काम झाल्यावर त्यांनी तिच्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या. तिने विचारलं, ‘‘काका, सगळ्या ह्याच ना?’’

‘‘ह्याच,’’ काका म्हणाले.

तिसरी त्यांच्या खिशात होती. फसवायचा विचार नव्हता. एरवीही ते असंच म्हणायचे, कारण त्यांच्या लेखी तिसरी किल्ली ही गिऱ्हाइकाची नसायचीच, ती फळीची असायची. पण तिने विचारलं होतं आणि त्यांनी ह्याच असं सांगितलं होतं, आता ते कसंही फिरवलं तरी बदलत नाही.

दहा-अकरा दिवसांनी, भर दुपारी, तिचा नवरा आला. तो विमा विकायचा, म्हणून आम्ही त्याला विमेवाले म्हणायचो. जिभेवर साखर आणि बुटांना सदा पॉलिश. माझ्या दुकानासमोरून जाताना कधी मुकाट्याने गेला नाही. ‘‘ताई, माझ्याही दोन-तीन कॉप्या काढून ठेवा हो, एक घरी बसेल, एक ऑफिसात,’’ असं काहीतरी बोलायचा आणि मी हसायची. तो काकांना म्हणाला, ‘‘हिनं कुलूप बदललंय वाटतं. माझी किल्ली राहिली ऑफिसात. वर जाऊन आलो, दार चांगलं कुलूप लावून बंद आहे. तुमच्या फळीवर असेल ना एखादी?’’

काकांचा हात फळीकडे गेला आणि खिळ्यापाशी थांबला. हे मी भिंतीच्या कडेवरून डोकावून पाहिलं. ते का थांबले ते तेव्हा मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ती चौकट आली होती. आणखी थोडं ते तसेच थांबले असते, तर कदाचित म्हणाले असते की सुईताईंनाच फोन करून विचारतो.

आता जे लिहायचं ते लिहिलंच पाहिजे. मी इकडून म्हटलं, ‘‘द्या हो काका, घरचेच तर आहेत. किती वेळ उन्हात उभं करणार?’’

काकांनी किल्ली दिली. विमेवाले मला म्हणाले, ‘‘बघा, ताईंनाच काळजी आमची.’’ मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते, की मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी सुईताई कामावरून आली तेव्हा तो घरात बसलेला होता. त्यांची मुलगी नशिबाने मावशीकडे होती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त काढायला कुणीच नव्हतं आणि दुपारपर्यंत सगळ्या रस्त्याला कळलं. उजवं मनगट मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडा गेला होता, आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने पोलिसांना फोन केला म्हणून तेवढ्यावर निभावलं. तेव्हाच हेही कळलं की महिन्यापूर्वीच कोर्टाने त्याला त्या घरात पाऊल टाकायला मनाई केली होती. आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं वाटलंच नव्हतं, हे जास्त खरं.

त्यानंतर नऊ दिवस काका आणि मी एकमेकांशी बोललो नाही. भांडण नव्हतं. मशीन चालू, गिऱ्हाईक चालू, चहा आला की अर्धा कप भिंतीवरून इकडून तिकडे, तेही चालू. फक्त शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं की सुईताईच्या रिकाम्या खिळ्यावर काकांनी कुठल्यातरी जुन्या सायकलच्या कुलपाची किल्ली अडकवून ठेवली होती, रांगेतली रिकामी जागा कुणाला दिसू नये म्हणून. त्या किल्लीला चिठ्ठी नव्हती. मला चिठ्ठी मागायची त्यांची छाती झाली नसावी.

दहाव्या दिवशी केंद्रातल्या ताई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दवाखान्याच्या मागे जिना चढून गेलं की दोन खोल्या आहेत, बाहेर पाटी नुसती ‘माहिती व सल्ला’. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीचं ते मदत केंद्र. तिथला फोन दिवसरात्र चालू असतो. बाईसोबत डॉक्टरकडे, पोलिसांत, कोर्टात जायला माणूस मिळतं, वकील फुकट मिळतो, आणि घर सोडायची वेळ आली तर राहायला जागा मिळते. त्या जागेचा पत्ता सोडायला जाणाऱ्या गाडीवाल्यालाही सांगत नाहीत, एक वळण आधीच उतरवतात. हे सगळं मला पाठ आहे, कारण त्यांची पत्रकं वर्षानुवर्षं मीच छापत आले. एक गठ्ठा माझ्या काउंटरवरच असायचा. कुलूप बदला, कागदपत्रांची एक पिशवी भरून शेजारी ठेवा, विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा, अशी त्यात यादी होती. ते कागद मी हजारांनी मोजून दिले आणि एकदाही ओळखीतल्या कुणासाठी वाचले नाहीत.

त्या दिवशीचे कागद म्हणजे सुईताईचा जबाब. झेरॉक्सवाल्याने मजकूर वाचायचा नसतो. सगळेच वाचतात, पण वाचायचा नसतो. काचेवर पान उलटं ठेवताना माझी नजर मध्यावरच्या ओळींवर गेली. ‘दार बहुधा सकाळी घाईत माझ्याकडूनच उघडे राहिले असावे. मी नुसते ओढून घेतले असेन. चूक माझी आहे.’ खाली केंद्राची टीप होती की नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. बायकोनेच बोलावलं आणि आपल्यासाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं, असं तो सांगतो. कुलूप तोडल्याची खूण नव्हती. तो आत कसा शिरला याचं दुसरं उत्तर कागदात नव्हतं.

मी तीन प्रती काढल्या, टाचण्या मारल्या आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. केंद्रातल्या ताई जाता जाता म्हणाल्या, ‘‘रोज तेच म्हणते हो ती. झोपेतही म्हणते म्हणे, दार मी लावलं नाही.’’ त्यांना वाटलं असेल की मी एक दुकानदार बाई, हळहळेन आणि विसरून जाईन.

त्या गेल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पलीकडे ऐकू जाईल असं बोलले. ‘‘काका, तिला वाटतंय दार तिनंच उघडं टाकलं.’’

मशीन थांबलं. मग काका म्हणाले, ‘‘बाई, एकोणीस वर्षं झाली ह्या फळीला. मी बोललो तर या रस्त्यावर माझ्याकडून कडी तरी कोण बसवून घेईल? ह्याच्याकडे आपल्या घराच्या किल्ल्या आहेत म्हणून लोक रात्रीत कुलपं बदलतील, आणि तीही दुसऱ्याकडून.’’

‘‘बदलतील,’’ मी म्हटलं.

‘‘पोलीस मलाही धरतील.’’

‘‘मग मलाही धरतील. द्या म्हणाले ती मीच.’’

‘‘तुझं नाव नाही घ्यायचो मी,’’ ते म्हणाले. त्यांना वाटलं मी त्यासाठी बोलतेय. मला त्यांचा रागही आला आणि माझी लाजही वाटली, कारण त्या क्षणी माझ्या मनात खरोखरच तो विचार येऊन गेला होता, की काकांनी माझं नाव घेतलं नाही तर कुणाला कळणार आहे.

काका त्या दिवशी लवकर घरी गेले. घरी काय झालं ते काकूंनीच मला सांगितलं. ते जेवले नाहीत. काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत नऊ-दहा वेळाच घेतलेलं ते नाव घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘उद्या तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन. आणि मी गेले तर ह्याच नावानं सांगेन, किल्लीकाका म्हणून नाही.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकान न उघडता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चष्म्याची काडी अजून तारेनेच बांधलेली. मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

केंद्राच्या आतल्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीपाशी लहान मुलांच्या खेळण्यांची एक टोपली. सुईताई खिडकीपाशी बसली होती, हात प्लास्टरमध्ये. तिने चांगला कान आमच्याकडे केला. केंद्रातल्या ताईंनी आधीच बजावलं होतं की तिला हवं असेल तेवढंच ती ऐकेल आणि ती थांबा म्हणाली की थांबायचं. रडून तिला आणखी त्रास द्यायचा नाही, हेही सांगितलं होतं. ते मला उद्देशून असावं.

काका उभ्यानेच बोलले. लाकूड फाटलेलं पाहिलं होतं, इथपासून सुरुवात केली. तिसरी किल्ली, ह्याच म्हणून सांगितलं ते, दुपारी नवरा आला ते, किल्ली दिली ते. शेवटी म्हणाले, ‘‘तुला खोटं सांगितलं मी, पोरी. त्या वेळी मला ते खोटं वाटलंही नाही.’’

मग मी माझं सांगितलं. काका थांबले होते आणि मी द्या म्हणाले. आणि जबाब वाचल्याचंही सांगितलं. केंद्रातल्या ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यांनी त्या दिवसापासून माझ्याकडे एक कागद आणलेला नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

सुईताई आमच्याकडे पूर्ण वळली. मग तिने विचारलं, ‘‘तो खाली आला तेव्हा काय म्हणाला? नेमकं सांगा.’’

मी सांगितलं. ‘‘वर जाऊन आलो, दार चांगलं कुलूप लावून बंद आहे, असं म्हणाला.’’

‘‘परत सांगा.’’

मी परत सांगितलं. तिने डावा हात तोंडावर धरला आणि रडायला लागली. आमच्यासमोर रडावं लागतंय याचाही तिला राग आला असणार. ‘‘अकरा दिवस,’’ ती म्हणाली, ‘‘अकरा दिवस मी ते दार लावतेय मनातल्या मनात. सकाळ आठवतेय. डबा घेतला, पिशवी घेतली, आणि मग दार, आणि तिथंच सगळं अडतंय.’’ त्या अकरा दिवसांतले शेवटचे दहा तरी आम्ही दोघांनी तिच्यावर ढकललेले होते. दुसऱ्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर.

काका पुढे होऊन काहीतरी म्हणणार होते. तिने हात वर केला. ‘‘माफ कर म्हणू नका. आत्ता नको. काका, अजून किती जणांच्या किल्ल्या आहेत तुमच्याकडे?’’

‘‘चौसष्ट,’’ काका म्हणाले.

‘‘किती जणांना ठाऊक आहे?’’

काका बोटांवर मोजायला लागले आणि एकाच हातावर थांबले.

त्याच दिवशी पोलिसांत आमचे दोघांचे जबाब झाले. धरलं कुणी नाही, पण तिथल्या साहेबांनी काकांकडे ज्या पद्धतीने पाहिलं त्यापेक्षा धरलं असतं तर बरं, असं काका म्हणाले. नवऱ्याची ‘दार उघडं ठेवलं होतं’ ही गोष्ट तिथे संपली. त्याच्या घरातून ती किल्ली सापडली, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. पुढचं कोर्ट बघतंय.

दुसऱ्या सकाळी काकांनी फळी भिंतीवरून उतरवली आणि किल्ल्या एका पिशवीत भरून घरोघर निघाले. मी बरोबर गेले, कारण चिठ्ठ्यांवरच्या खुणा त्यांना एकट्याला लागेनात. प्रत्येक दारात ते एकच सांगायचे, ‘‘ही तुमची किल्ली माझ्याकडे होती. सुईताईंची मी त्यांच्या नवऱ्याला दिली होती.’’ कुणी दार तोंडावर आपटलं. शिंप्याने आम्हा दोघांनाही अर्धा तास सुनावलं. दोन मांजरीवाल्या आजी म्हणाल्या, ‘‘अहो ठेवा, मी रोज विसरते.’’ काकांनी ती किल्लीही त्यांच्या हातावर ठेवली. ‘गच्चीवरच्या भांडखोरां’च्या घरातली सून दारात आली. तिने किल्ली घेतली, मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘ते सुईताईंचं केंद्र कुठं आहे हो?’’ काकांनी सांगितलं. मी दुकानात परत आले आणि पत्रकांचा उरलेला गठ्ठा पहिल्यांदा नीट वाचून काढला.

काकांचा धंदा निम्म्यावर आला. ते त्याबद्दल कुरकुरत नाहीत. विनोदही करत नाहीत. नव्या कुलपाची पेटी आता गिऱ्हाइकासमोरच फोडतात आणि तिन्ही किल्ल्या त्यालाच मोजायला लावून त्याच्या हातात देतात.

सव्वा महिन्याने सुईताई माझ्या दुकानात आली. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून नीट मिटत नव्हती. केंद्रात आता स्वतःचं मशीन आहे, त्यामुळे तिने इथे यायचं काही कारण नव्हतं. तिने काउंटरवर एक कागद ठेवला.

‘‘एक प्रत,’’ ती म्हणाली.

मी नजर बाजूला ठेवून कागद उचलला आणि उलटा काचेवर ठेवायला गेले.

‘‘वाचा ना. तुम्ही वाचता.’’

मी कागद सुलटा केला. ती तिचा चांगला कान माझ्याकडे करून उभी होती. ‘‘मोठ्यानं वाचा. पलीकडं ऐकू जाऊ दे.’’

भिंतीपलीकडची करकर थांबली. तो सुधारलेला जबाब होता. मी मधली ओळ शोधली आणि वाचली, ‘‘दार मी सकाळी स्वतः कुलूप लावून बंद केले होते.’’

‘‘परत,’’ ती म्हणाली.

मी परत वाचली.